जळालेले दप्तर आणि मरणोत्तर शौर्यपदक

जून २०२४ मध्ये, नॉर्मंडीच्या मोहिमेला ८० वर्षे पूर्ण होत असताना, अमेरिकी लष्कराच्या एका निर्णयाची घोषणा झाली. ओमाहा किनाऱ्यावर स्वतः जखमी असताना सुमारे ३० तास जखमींची शुश्रूषा करणारे वैद्यकीय सहायक वेव्हर्ली वुडसन यांना ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस’ हे पदक मरणोत्तर देण्यात येत असल्याचे मेरीलँडचे सिनेटर ख्रिस व्हॅन हॉलन यांनी जाहीर केले. वुडसन यांचे निधन २००५ साली झाले होते. त्यांच्या पत्नी जोअॅन यांनी वयाची नव्वदी केव्हाच ओलांडली होती.

पराक्रम १९४४ चा आणि पदक २०२४ चे, हे अंतर का पडले? याला दोन कारणे आहेत. पहिले कारण वर्णभेदाचे. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा त्या युद्धातील कामगिरीबद्दल अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक ‘मेडल ऑफ ऑनर’ मिळालेल्यांत एकही कृष्णवर्णीय सैनिक नव्हता. दुसरे कारण कागदाचे. वुडसन यांचे सेवादप्तर १९७३ च्या आगीत नष्ट झाले आणि पुढे ज्यांनी ज्यांनी त्यांच्या पदकाचा प्रश्न उचलला, त्यांना मूळ कागद कोठे आहे, हाच प्रश्न विचारला गेला. त्या आगीने लक्षावधी कुटुंबांना याच प्रश्नापुढे उभे केले आहे. सेवानोंद नष्ट झाल्यावर दिवंगत सैनिकाचे पदक मागता येते का, आणि येत असल्यास कोणत्या आधारावर, याचा हा आढावा.

सेंट लुईसची आग

अमेरिकी सैनिकांची सेवादप्तरे मिसुरी राज्यातील सेंट लुईस येथील ‘नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटर’मध्ये ठेवली जातात. १९७३ साली हे केंद्र शहरालगतच्या ओव्हरलँड या उपनगरातील सहा मजली इमारतीत होते. या इमारतीचे वास्तुविशारद मिनोरू यामासाकी हे पुढे न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरसाठी प्रसिद्ध झाले. दप्तरांनी भरलेल्या वरच्या मजल्यांवर आग लागताच पाणी फवारणारी यंत्रणा बसवलेली नव्हती.

१२ जुलै १९७३ रोजी मध्यरात्रीनंतर काही मिनिटांतच सहाव्या मजल्यावर आग लागल्याची खबर अग्निशामक दलाला मिळाली. आग सुमारे २२ तास आटोक्याबाहेर होती आणि ती पूर्णपणे विझली असे जाहीर व्हायला १६ जुलै उजाडला. आगीचे नेमके कारण तपासात निश्चित होऊ शकले नाही.

आगीत १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सेवादप्तरे नष्ट झाली. १ नोव्हेंबर १९१२ ते १ जानेवारी १९६० या काळात भूदलातून मुक्त झालेल्यांपैकी सुमारे ८० टक्के सैनिकांची दप्तरे गेली. हवाई दलात २५ सप्टेंबर १९४७ ते १ जानेवारी १९६४ या काळात मुक्त झालेल्यांपैकी, वर्णक्रमाने ‘हबर्ड, जेम्स ई.’ या नावानंतर येणाऱ्यांची सुमारे ७५ टक्के दप्तरे जळाली. हवाई दलाची दप्तरे आडनावांच्या वर्णक्रमाने रचलेली असल्याने एकाच तळावर सेवा केलेल्या दोघांपैकी एकाचे दप्तर शाबूत राहिले आणि दुसऱ्याचे गेले, ते केवळ आडनावाच्या आद्याक्षरामुळे. नौदल आणि मरीन कोअर यांच्या दप्तरांना मात्र झळ पोहोचली नाही.

या दप्तरांच्या दुय्यम प्रती ठेवलेल्या नव्हत्या, त्यांचे सूक्ष्मचित्रण झालेले नव्हते आणि त्यांची सूचीही तयार नव्हती. त्यामुळे नेमकी कोणाकोणाची दप्तरे जळाली, याची यादीसुद्धा आजवर देता आलेली नाही.

आग विझवण्यासाठी मारलेल्या पाण्याने खालच्या मजल्यांवरील कागद भिजले आणि जुलैच्या उकाड्यात त्यांवर बुरशी धरू लागली. अवकाशातील परिस्थितीच्या चाचण्यांसाठी बांधलेल्या मॅकडॉनेल डग्लस कंपनीच्या निर्वात कक्षात हे कागद टप्प्याटप्प्याने वाळवण्यात आले. अर्धवट जळालेली व भिजलेली सुमारे ६५ लाख दप्तरे अशा रीतीने वाचली. आज ती नियंत्रित तापमानात वेगळी ठेवलेली आहेत. एखाद्याची मागणी आली की जळक्या कडांची पाने हलक्या हाताने सोडवून वाचावी लागतात. म्हणून ‘आगीत गेले’ असे एकदा कळवले गेले असले, तरी नव्याने शोध घ्यायला सांगणे व्यर्थ नसते.

मागणी कोणत्या पदकाची?

नोंदी नष्ट झालेल्या सैनिकाच्या कुटुंबाने सर्वप्रथम एक भेद समजून घ्यायला हवा. लष्करी पदके ढोबळपणे दोन प्रकारची असतात.

पहिला प्रकार हक्काच्या पदकांचा. अमुक काळात अमुक रणक्षेत्रात सेवा केली, की ते पदक आपोआप लागू होते. मोहीमपदके, युद्धसमाप्तीचे विजयपदक ही यातली. येथे कोणाच्या शिफारशीची गरज नसते. सैनिक त्या काळात त्या ठिकाणी होता, एवढेच सिद्ध करायचे असते. शत्रूच्या कारवाईत जखमी झालेल्यांना मिळणारे ‘पर्पल हार्ट’ही या अर्थाने हक्काचेच. मात्र त्यासाठी जखम शत्रूमुळे झाली, तिच्यावर वैद्यकीय उपचार झाले आणि त्या उपचारांची सरकारी नोंद झाली, या तीन गोष्टी दाखवाव्या लागतात.

दुसरा प्रकार शौर्यपदकांचा. ‘सिल्व्हर स्टार’, ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस’ आणि ‘मेडल ऑफ ऑनर’ ही पदके एका विशिष्ट दिवशी केलेल्या विशिष्ट कृतीबद्दल असतात. ती कृती कोणी पाहिली, शिफारस कोणी केली आणि वरिष्ठांनी तिच्यावर काय शेरा मारला, हे सर्व कागदावर असावे लागते. सैनिक ओमाहा किनाऱ्यावर होता हे सिद्ध झाल्याने त्याने तेथे काय केले हे सिद्ध होत नाही.

आगीचा आघात या दोन प्रकारांवर सारखा झाला नाही. सेवा सिद्ध करण्याचे अन्य मार्ग बऱ्याच प्रमाणात शिल्लक राहिले. कृती सिद्ध करण्याचे मार्ग मात्र अरुंद झाले.

सेवा सिद्ध करणारे इतर कागद

सैनिकाचे सेवादप्तर एकच असले, तरी त्याच्या नोकरीच्या खुणा अनेक खात्यांच्या कागदांत विखुरलेल्या असतात. त्या जुळवून नष्ट झालेले दप्तर काही अंशी पुन्हा उभे करता येते. सेंट लुईसच्या केंद्रात हे काम गेली पन्नास वर्षे चालू आहे.

यात सर्वांत उपयोगी ठरतो तो ‘मॉर्निंग रिपोर्ट’, म्हणजे प्रत्येक कंपनीने रोज सकाळी भरायचा अहवाल. तो पूर्ण हजेरीपट नसे, फक्त बदलांची नोंद असे. कोण नव्याने रुजू झाला, कोण जखमी झाला, कोणाला रुग्णालयात हलवले, कोणाला बढती मिळाली, कोण मरण पावला, हे त्यात नावानिशी लिहिलेले असे. तुकडीचे नाव आणि अंदाजे महिना ठाऊक असेल, तर जखमी झाल्याची तारीख येथे सापडू शकते. कुटुंबाने तुकडीचे नाव शोधण्यावर भर द्यावा, असे सांगितले जाते ते यासाठीच.

दुसरा आधार वेतनाचा. सैनिक सेवामुक्त होताना त्याला अखेरचे वेतन दिल्याची पावती वेगळ्या दप्तरात राहिली आणि ती आगीतून वाचली. तिच्यावर नाव, सेवाक्रमांक, मुक्तीची तारीख आणि ठिकाण असते. सेवा झाली होती व ती सन्मानाने संपली, हे सांगायला अनेकदा एवढा कागद पुरतो.

तिसरा आधार रुग्णालयांचा. १९४२ ते १९४५ आणि १९५० ते १९५४ या युद्धकाळांत लष्करी रुग्णालयांत दाखल झालेल्यांच्या सुमारे १ कोटी नोंदी संख्याशास्त्रीय अभ्यासासाठी संकेतांकांत उतरवल्या गेल्या होत्या. आगीनंतर पंधरा वर्षांनी, १९८८ साली, त्या सेंट लुईसच्या केंद्राच्या कामासाठी उपलब्ध झाल्या. त्यांत रुग्णाचे नाव नसते. सेवाक्रमांकावरूनच शोध घ्यावा लागतो. त्यामुळे जुन्या पत्राच्या पाकिटावर, ओळखपट्टीवर किंवा छायाचित्रामागे लिहिलेला सेवाक्रमांक ‘पर्पल हार्ट’च्या अर्जात निर्णायक ठरू शकतो.

याखेरीज आणखी काही ठिकाणे आहेत. सैनिकाने हयातीत अपंगत्वभत्ता, शिक्षणसाहाय्य किंवा अन्य लाभ मागितला असेल, तर माजी सैनिक विभागाकडे त्याची स्वतंत्र फाइल असते आणि तिच्यात मूळ कागदांच्या प्रती लावलेल्या असू शकतात. युद्धावरून परतलेल्या अनेकांनी आपले मुक्तिपत्र जिल्हा न्यायालयाच्या कचेरीत नोंदवून ठेवले होते. सक्तीच्या भरतीची नोंदणीपत्रे, राज्य सरकारांनी दिलेल्या बोनसचे अर्ज, तुकडीचे सर्वसाधारण आदेश हेही कामी येतात. यांतील सर्वसाधारण आदेश विशेष महत्त्वाचे, कारण पदक मंजूर झाल्याची नोंद त्यांतच होते. पदक मंजूर झाले पण सैनिकाच्या हाती पडले नाही, असे प्रकार युद्धाच्या धामधुमीत पुष्कळ घडले. अशा वेळी आदेशाची एक प्रत सापडली, तरी नव्या शिफारशीची गरज उरत नाही.

अर्जाची पद्धत

दप्तराची मागणी ‘स्टँडर्ड फॉर्म १८०’ या अर्जाने केली जाते. दप्तर आगीत गेल्याचे आढळल्यास केंद्राकडून ‘एनए १३०७५’ ही प्रश्नावली पाठवली जाते. सैनिकाच्या तुकड्या, तळ, तारखा, सेवाक्रमांक, भरतीचे व मुक्तीचे ठिकाण असे जेवढे ठाऊक असेल तेवढे तीत भरायचे असते. वैद्यकीय उपचारांच्या शोधासाठी ‘एनए १३०५५’ हा वेगळा अर्ज आहे. त्यात जखमेचे वा आजाराचे स्वरूप, साधारण महिना आणि रुग्णालयाचे नाव द्यावे लागते. मिळालेल्या आधारांवरून केंद्र सेवेचे प्रमाणपत्र देते. हरवलेल्या मूळ मुक्तिपत्राच्या जागी ते ग्राह्य मानले जाते.

अर्ज कोणी करावा, यालाही नियम आहे. सैनिक दिवंगत असल्यास पुनर्विवाह न केलेली पत्नी वा पती, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ किंवा बहीण यांना निकटचे नातलग मानले जाते आणि मृत्यूचा दाखला जोडावा लागतो. नातवंडे या व्याख्येत बसत नाहीत. मात्र सेवामुक्तीला ६२ वर्षे पूर्ण झाली, की ते दप्तर ऐतिहासिक अभिलेख ठरते आणि शुल्क भरून कोणालाही पाहता येते. पहिल्या व दुसऱ्या महायुद्धातील जवळजवळ सर्व सैनिकांची दप्तरे आज या वर्गात मोडतात.

केंद्राने किंवा लष्कराने पदक नाकारले, तर पुढचा टप्पा ‘आर्मी बोर्ड फॉर करेक्शन ऑफ मिलिटरी रेकॉर्ड्स’ या नागरी सदस्यांच्या मंडळाचा. दुसऱ्या महायुद्धानंतर कायद्याने निर्माण झालेल्या या मंडळाला लष्करी नोंदीतील चूक वा अन्याय दुरुस्त करण्याचा अधिकार आहे. ‘डीडी १४९’ या अर्जाने त्याच्याकडे दाद मागता येते. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे, परंतु न्यायाच्या दृष्टीने आवश्यक वाटल्यास मंडळ ती शिथिल करू शकते. चूक सिद्ध करण्याचा भार मात्र अर्जदारावरच असतो. दप्तर सरकारच्या ताब्यात असताना जळाले, या एका गोष्टीने तो भार हलका होत नाही. कुटुंबांची खरी कोंडी येथे होते.

शौर्यपदकाची मुदत आणि तिचे अपवाद

अमेरिकेच्या कायद्यानुसार भूदलातील ‘मेडल ऑफ ऑनर’ आणि ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस’ यांची शिफारस कृतीनंतर तीन वर्षांत व्हायला हवी आणि पदक पाच वर्षांत दिले जायला हवे. ही मुदत उलटल्यावर दोन वाटा उरतात.

पहिली वाट त्याच कायद्याच्या एका पोटकलमात आहे. शिफारस मुदतीत झाली होती, तिला पुरेसा पुरावा होता आणि ती गहाळ झाल्यामुळे किंवा अनवधानाने तिच्यावर निर्णय झाला नाही, अशी लष्करमंत्र्यांची खात्री पटली, तर त्या निष्कर्षानंतर दोन वर्षांत पदक देता येते. कागद हरवू शकतो, ही शक्यता कायद्याने गृहीत धरलेली आहे. पण हरवलेला कागद एकेकाळी अस्तित्वात होता, हे दाखवायला दुसरा कागद लागतो.

दुसरी वाट लोकप्रतिनिधींमार्फत जाते. १९९६ पासून लागू असलेल्या तरतुदीनुसार, काँग्रेसच्या सदस्याने विनंती केल्यास मुदतबाह्य शिफारशीचाही गुणवत्तेवर विचार करणे संबंधित खात्याला बंधनकारक आहे. त्यासाठी ‘डीए ६३८’ या नमुन्यातील शिफारस, प्रसंगाचे वर्णन, प्रत्यक्षदर्शींची शपथेवरील निवेदने आणि त्या काळातील कागदपत्रे द्यावी लागतात. शिफारस करणारा त्या वेळचा वरिष्ठ अधिकारी असावा किंवा त्याला घटनेची प्रत्यक्ष माहिती असावी, अशी अपेक्षा असते. दुसऱ्या महायुद्धाच्या बाबतीत अशी माणसे आता जवळजवळ उरलेली नाहीत. विचार झाल्यावर पदक द्यायचे ठरले, तरी सर्वोच्च पदकासाठी मुदत शिथिल करणारा कायदा काँग्रेसला वेगळा संमत करावा लागू शकतो.

वुडसन यांचे प्रकरण

या सर्व अडचणी वुडसन यांच्या प्रकरणात एकवटल्या. फिलाडेल्फियाचे वुडसन लिंकन विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणाच्या पूर्वतयारीत असताना १९४२ मध्ये सैन्यात दाखल झाले. ३२० वी बॅरेज बलून बटालियन ही त्यांची तुकडी. शत्रूची विमाने खाली झेपावू नयेत म्हणून तारांनी जखडलेले फुगे आकाशात उभारणे, हे तिचे काम. वर्णभेदाच्या त्या काळात हे सैनिक गोऱ्यांपासून वेगळे ठेवलेले होते.

६ जून १९४४ रोजी किनाऱ्याकडे येताना त्यांच्या नौकेवर आघात झाला आणि धातूच्या तुकड्यांनी वुडसन जखमी झाले. तशाच अवस्थेत किनारा गाठून त्यांनी उपचारकेंद्र उभारले. पुढचे सुमारे ३० तास त्यांनी गोळ्या काढल्या, मोडलेली हाडे बसवली, रक्तद्रव चढवले, एका सैनिकाचा पाय घोट्यापासून कापावा लागला तेही केले. बुडणाऱ्या चौघांना पाण्याबाहेर काढून त्यांना शुद्धीवर आणण्यातही त्यांचा हात होता. त्यांनी उपचार केलेल्यांची संख्या २०० च्या घरात सांगितली जाते. त्यानंतर ते स्वतः कोसळले आणि त्यांना रुग्णालयाच्या जहाजावर हलवण्यात आले.

त्यांना ‘ब्रॉन्झ स्टार’ आणि ‘पर्पल हार्ट’ मिळाले. मोठ्या पदकाचे मात्र पुढे काहीच झाले नाही. युद्धानंतर वुडसन यांनी पदवी घेतली, आयुष्य वैद्यकीय प्रयोगशाळांच्या कामात घालवले आणि २००५ साली त्यांचे निधन झाले. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत त्यांचे दफन झाले आहे.

पत्रकार लिंडा हर्व्हिउ या ३२० व्या बटालियनवर पुस्तक लिहीत असताना त्यांना माजी अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्या ग्रंथालयात युद्धकाळातील एक टिपणी मिळाली. व्हाइट हाउसमधील एका सहायकासाठी लिहिलेल्या त्या टिपणीत असा उल्लेख होता, की वुडसन यांच्या वरिष्ठाने त्यांची ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस’साठी शिफारस केली आहे आणि ब्रिटनमधील जनरल जॉन सी. एच. ली यांच्या कार्यालयाचे मत, त्यांची कामगिरी ‘मेडल ऑफ ऑनर’च्या योग्यतेची आहे, असे पडले आहे. सेंट लुईसच्या आगीपासून शेकडो किलोमीटर दूर, लष्कराच्या नव्हे तर अध्यक्षांच्या कागदपत्रांत हा पुरावा सुरक्षित राहिला होता.

२०१५ साली पुस्तक प्रसिद्ध झाले आणि काँग्रेसमधील कृष्णवर्णीय सदस्यांच्या गटाने पुनर्विचाराची मागणी केली. मूळ शिफारसपत्राविना प्रकरण पुढे नेता येत नाही, ही लष्कराची भूमिका होती. टिपणी शिफारशीचा उल्लेख करते, ती स्वतः शिफारस नव्हे, हा तांत्रिक मुद्दा आडवा येत राहिला. २०२० मध्ये वुडसन यांना सर्वोच्च पदक देण्याचा मार्ग मोकळा करणारी विधेयके काँग्रेसमध्ये मांडली गेली. अखेर ३२० वी बटालियन ज्या फर्स्ट आर्मीच्या अखत्यारीत लढली, तिच्या इतिहास विभागाने उपलब्ध कागद नव्याने जुळवले आणि २०२४ मध्ये ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस’ मंजूर झाले. हे दुसऱ्या क्रमांकाचे शौर्यपदक आहे. ज्या पदकाचा उल्लेख त्या टिपणीत आहे, ते सर्वोच्च पदक त्यांना मिळालेले नाही.

आणखी दोन दाखले

कागद कोठे सापडेल याचा नेम नसतो, हे पहिल्या महायुद्धातील हेन्री जॉन्सन यांच्या प्रकरणातही दिसते. मे १९१८ मध्ये फ्रान्समधील आर्गोनच्या जंगलात रात्रीच्या पहाऱ्यावर असताना शत्रूच्या टोळीशी त्यांनी हातघाईची झुंज दिली आणि जखमी साथीदाराला शत्रूच्या हाती पडू दिले नाही. फ्रान्सने त्यांना ‘क्र्वा द गेर’ दिले. अमेरिकेने दिलेल्या मुक्तिपत्रावर मात्र त्यांच्या जखमांचा उल्लेखच नव्हता.  १९२९ साली ते वारले. १९९६ मध्ये ‘पर्पल हार्ट’ आणि काही वर्षांनी ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस’ मरणोत्तर मिळाले. पुढे झुंजीनंतर काही दिवसांतच जनरल पर्शिंग यांनी लिहिलेले पत्रक उजेडात आले आणि २ जून २०१५ रोजी अध्यक्ष बराक ओबामा यांनी ‘मेडल ऑफ ऑनर’ प्रदान केले. ते स्वीकारायला जॉन्सन यांचा एकही ज्ञात वारस नव्हता. न्यूयॉर्क नॅशनल गार्डच्या एका अधिकाऱ्याने ते स्वीकारले.

केंटकीचे गार्लिन कॉनर यांचे प्रकरण वेगळ्या प्रकारचे आहे. जानेवारी १९४५ मध्ये फ्रान्समध्ये त्यांनी शत्रूच्या चढाईपुढे एकट्याने पुढे जाऊन तोफखान्याला लक्ष्य कळवले होते. त्यांच्या पदकाचा पहिला अर्ज मंडळाने १९९७ मध्ये नाकारला आणि १९९८ साली ते निवर्तले. प्रत्यक्षदर्शींची तीन निवेदने नव्याने मिळाली, पण मुदतीच्या मुद्द्यावर २०१४ मध्ये न्यायालयात पराभव झाला. त्यांच्या पत्नी पॉलिन यांनी अपील केले. तडजोडीनंतर प्रकरण पुन्हा मंडळापुढे गेले आणि २६ जून २०१८ रोजी पॉलिन यांनी व्हाइट हाउसमध्ये ‘मेडल ऑफ ऑनर’ स्वीकारले.

तिन्ही प्रकरणांत निकाल फिरला तो घटनेच्या जवळच्या काळात लिहिलेल्या कागदामुळे किंवा ती पाहणाऱ्यांच्या निवेदनामुळे. नंतर लिहिलेले गौरवलेख, कुटुंबातील आठवणी, वृत्तपत्रांतील कात्रणे यांनी शोधाला दिशा मिळते, पण केवळ त्यांवर पदक मंजूर होत नाही.

मराठी सैनिकी घरांसाठी

वुडसन ओमाहा किनाऱ्यावर जखमींवर उपचार करत होते, त्यानंतर जेमतेम महिनाभराने, १० जुलै १९४४ रोजी, इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांनी शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर एकट्याने चाल करून ते काबीज केले आणि तेथेच वीरमरण पत्करले. त्यांच्या कृतीची शिफारस वेळीच झाली, ती वरपर्यंत पोहोचली आणि त्याच वर्षी ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ मरणोत्तर जाहीर झाला. रायगड जिल्ह्यातील माणगावात त्यांचा पुतळा आहे. एकाच युद्धातील, एकाच उन्हाळ्यातील या दोन कृती. एकीचा कागद महिन्यांत मार्गी लागला आणि दुसरीचा ऐंशी वर्षे अडला.

मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आणि तिचे अभिलेख कार्यालय बेळगावात आहे. बेळगाव, खानापूर, चंदगड, गडहिंग्लज या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात माणसे पाठवणारी घरे आहेत. आपल्याकडील पद्धत अमेरिकेहून वेगळी आहे आणि वर दिलेले अर्ज येथे लागू पडत नाहीत. परंतु सेंट लुईसच्या आगीने जो धडा दिला, तो कोणत्याही देशातील सैनिकाच्या घराला लागू आहे. सरकारी दप्तरात एकच प्रत असते आणि ती नष्ट होऊ शकते.

म्हणून आजोबांचे मुक्तिपुस्तक, निवृत्तिवेतनाचा आदेश, पदकांच्या कडेवर कोरलेला क्रमांक, आघाडीवरून आलेली पत्रे, तुकडीचे समूहछायाचित्र यांच्या प्रती काढून त्या दोन वेगळ्या घरी ठेवाव्यात. छायाचित्रामागे नावे, तुकडी आणि साल लिहावे. हयात असलेल्या माजी सैनिकांकडून त्यांनी पाहिलेले प्रसंग, तारीख व ठिकाणासह, त्यांच्या सहीने लिहून घ्यावेत. सेवानोंदीत चूक असेल, तर ती सैनिक हयात असतानाच अभिलेख कार्यालयाकडून किंवा जिल्हा सैनिक कार्यालयाच्या मदतीने दुरुस्त करून घ्यावी.

जोअॅन वुडसन यांना पतीच्या निधनानंतर १९ वर्षे थांबावे लागले. हेन्री जॉन्सन यांचे पदक आले तेव्हा घेणारे कोणी उरले नव्हते. घरातील ट्रंक उघडून त्यातील कागदांची यादी करणे, हे काम मात्र आज, या आठवड्यातही करता येण्याजोगे आहे.